मेल जगभर जातो, स्वतःच्याच ऑफिसात पोचत नाही: डोमेन राउटिंगचा नेहमीचा घोळ

वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचा मेल खासगी जीमेलवर लगेच येतो. तोच फॉर्म ऑफिसच्या पत्त्यावर वळवला की मेल गायब. स्पॅममध्ये नाही, बाउन्स (न पोचल्याचा परतीचा मेल) नाही, आणि वेब सर्व्हरचा लॉग मात्र छातीठोकपणे सांगतो की मेल पोचला. कधी याच्या उलट होतं: मेल दोन सर्व्हरमध्ये गरगर फिरतो आणि थोड्या वेळाने ‘हॉप काउंट एक्सीडेड’ (ठरलेल्यापेक्षा जास्त फेऱ्या झाल्या) असा शेरा घेऊन परत येतो. दोन्ही तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी मूळ एकच आहे, आणि ते बहुतेक वेळा एमएक्स रेकॉर्डमध्ये, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा हे सांगणाऱ्या डीएनएसमधल्या (डोमेनच्या नावांची इंटरनेटवरची नोंदवही) नोंदीत, नसतं. एमएक्स बरोबर असताना हे घडतं, म्हणूनच माणूस तासन्‌तास डीएनएस तपासत बसतो.

मेल सर्व्हरच्या हाती पत्ता आला की तो आधी एकच गोष्ट बघतो: @ च्या पुढचं डोमेन माझं आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर तो एमएक्सकडे ढुंकूनही बघत नाही. गावच्या पोस्टात गावातल्याच पत्त्याचं पत्र टाकलं तर ते पिशवीत भरून बाहेर जात नाही, तसं. ते घर गावातून केव्हाच हललेलं असलं तरी पोस्टाच्या वहीत नाव आहे तोवर पत्र तिथेच राहणार. उत्तर ‘नाही’ आलं तरच एमएक्स शोधला जातो, आणि एमएक्स नसेलच तर २००८ च्या आरएफसी ५३२१ प्रमाणे त्या डोमेनच्या ए रेकॉर्डवर (डोमेनचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) मेल पाठवला जातो. जिथे दोन सर्व्हर एकाच डोमेनला ‘माझं’ म्हणतात तिथे मेल गिळला जातो. जिथे दोघंही ‘माझं नाही, त्याचं’ म्हणतात तिथे लूप होतो.

खाली एक्झाम्पल डॉट कॉम हे नमुन्याचं डोमेन धरलं आहे. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थात रोमन लिपीत टाकायची.

पहिली तपासणी लॉगमध्ये

डीएनएस नंतर. आधी पाठवणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या एका मेलची ओळ शोधा. पोस्टफिक्स (लिनक्सवरचा मेल सर्व्हर प्रोग्राम) असेल तर ‘स्टेटस=सेंट’ वाचून थांबू नका, त्याच ओळीतलं ‘रिले=’ (मेल पुढे कोणाकडे दिला) वाचा. तिथे ‘रिले=लोकल’ किंवा ‘रिले=व्हर्च्युअल’ असेल तर मेल त्याच मशीनवरच्या मेलबॉक्समध्ये पडला. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचं नाव, आयपी आणि ‘:२५’ (मेलचं पोर्ट) दिसलं तर मेल खरोखर बाहेर गेला, आणि तुमचा प्रश्न राउटिंगचा नाही. तो पलीकडच्या फिल्टरचा किंवा एसपीएफ आणि डीकेआयएमचा, म्हणजे पाठवणारा खरा आहे का हे तपासायच्या व्यवस्थांचा.

एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हर प्रोग्राममध्ये, म्हणजे सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं वेब पॅनेल) असलेल्या जवळपास प्रत्येक होस्टिंगवर, ‘आर=’ नंतर राउटरचं (मेल कुठे जाणार हे ठरवणारा नियम) आणि ‘टी=’ नंतर ट्रान्सपोर्टचं (तो पोचवायची पद्धत) नाव येतं. ‘व्हर्च्युअल_युजर’ आणि ‘डोव्हकॉट_व्हर्च्युअल_डिलिव्हरी’ दिसलं की मेल घरातच राहिला, ‘रिमोट_एसएमटीपी’ दिसलं की बाहेर गेला. मेल न पाठवताही हे कळतं: ‘एक्झिम -बीटी’ आणि पुढे पत्ता टाकला की तो पत्ता कोणत्या राउटरने कुठे जाईल ते छापून येतं. पोस्टफिक्समध्ये ‘सेंडमेल -बीव्ही’ आणि पत्ता असं चालवा. मेल कोणाला जात नाही, पण कमांड चालवणाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये तपासणीचा अहवाल येतो.

सीपॅनेल: वेबसाइट इथे, मेल गूगलवर

सर्वात जास्त तक्रारी इथल्या. कंपनीने मेल गूगल वर्कस्पेसवर किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर हलवला, डीएनएसमध्ये एमएक्स बदलला, वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर राहिली. होस्टिंगच्या ईटीसी फोल्डरमधल्या ‘लोकलडोमेन्स’ फाइलमध्ये डोमेनचं नाव तसंच आहे. मग फॉर्मचा मेल तिथल्याच जुन्या मेलबॉक्समध्ये जातो. जुना मेलबॉक्स काढून टाकलेला असेल तर ‘नो सच युजर हिअर’ असा बाउन्स येतो, आणि ती खरं तर नशिबाची गोष्ट, कारण निदान कळतं तरी. डीफॉल्ट ॲड्रेस (मेलबॉक्स नसलेल्या पत्त्यांचा मेल घेणारा पत्ता) मुख्य खात्याकडे लावलेला असेल तर सगळं मुकाट त्या खात्यात साचत जातं.

उपाय दोन मिनिटांचा. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ उघडा, डोमेन निवडा, ‘रिमोट मेल एक्सचेंजर’ करा आणि सेव्ह करा. डोमेन ‘लोकलडोमेन्स’मधून निघून ‘रिमोटडोमेन्स’मध्ये जातं. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण डीएनएस होस्टिंगवाल्याकडे नसून दुसरीकडे असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, रिमोट स्वतः निवडा. ‘बॅकअप मेल एक्सचेंजर’ हा पर्याय इथे कामाचा नाही, तो फक्त हा सर्व्हर खरोखरच तुमचा दुय्यम एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा) असेल तेव्हाचा.

यातला सर्वात छुपा प्रकार वेगळाच आहे. तुम्ही होस्टिंग कंपनी बदलली, वेबसाइट हलवली, मेल हलवला, पण जुन्या कंपनीने तुमचं खातं सर्व्हरवरून काढलंच नाही. आता त्या सर्व्हरवर ज्यांची खाती आहेत ते सगळे तुम्हाला मेल पाठवतात तेव्हा तो त्या सर्व्हरवरच अडकतो. बाकी जगाचा मेल तुम्हाला व्यवस्थित येतो. ‘फक्त एकाच पुरवठादाराचा मेल येत नाही’ अशी तक्रार आली की त्याचं होस्टिंग कुठे आहे ते विचारा. तुमच्या बाजूने काहीच दुरुस्त करता येत नाही, जुन्या होस्टिंगवाल्याला तिकीट टाकून ‘आमचं डोमेन तुमच्या लोकलडोमेन्समधून काढा’ एवढं नेमकं सांगावं लागतं. नुसतं ‘मेल येत नाही’ लिहिलं तर उत्तर येणार ‘तुमचा एमएक्स आमच्याकडे नाही’, आणि तेही खरंच असतं.

पोस्टफिक्स: डोमेन किती ठिकाणी लपलेलं असतं

स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर आधी ‘पोस्टकॉन्फ मायडेस्टिनेशन’ चालवा. मायडेस्टिनेशन म्हणजे सर्व्हर ज्यांना ‘माझं’ म्हणतो त्या डोमेनांची यादी. डेबियन किंवा उबंटूवर पोस्टफिक्स बसवताना ‘इंटरनेट साइट’ निवडलं की ‘सिस्टिम मेल नेम’ विचारलं जातं. तिथे बहुतेक जण कंपनीचं डोमेन टाकतात, आणि इन्स्टॉलर ते थेट मायडेस्टिनेशनमध्ये घालतो. झालं, सर्व्हरला वाटायला लागतं की अख्खं डोमेन आपलं. वेब सर्व्हरवर मायडेस्टिनेशनमध्ये फक्त मशीनचं नाव आणि लोकलहोस्ट ठेवा. ‘मायओरिजिन’मध्ये डोमेन राहिलं तरी चालतं, त्याचा संबंध फक्त अपुऱ्या पत्त्यापुढे काय जोडायचं याच्याशी आहे.

डोमेन काढूनही फरक पडला नाही तर ‘पोस्टकॉन्फ मायहोस्टनेम’ बघा. मायडेस्टिनेशनमध्ये ‘$मायहोस्टनेम’ असतोच, आणि मशीनचं होस्टनेमच जर नुसतं एक्झाम्पल डॉट कॉम ठेवलेलं असेल तर पुढच्या दाराने काढलेलं डोमेन मागच्या दाराने आत येतं. होस्टनेम ‘वेब१’ सारखं उपनाव लावून पूर्ण द्या.

मग ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’ आणि ‘व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स’, ‘माझं’ म्हणायच्या डोमेनांच्या आणखी दोन याद्या. पोस्टफिक्स ॲडमिन (मेलबॉक्स सांभाळायचं वेब पॅनेल) वापरत असाल तर ही यादी डेटाबेसमध्ये असते आणि कॉन्फिगरेशन फाइल नुसती चाळून दिसत नाही. ‘पोस्टमॅप -क्यू’ने डोमेनचं नाव त्या यादीला विचारा, रिकामं उत्तर आलं पाहिजे. एकच डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल यादी दोन्हींत असेल तर लॉगमध्ये तसा इशारा येतो, तो दुर्लक्षित करू नका.

शेवटी ‘व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स’, म्हणजे एका पत्त्याचा मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवणारा तक्ता. हा तक्ता फक्त आपल्या डोमेनांना लागतो असा समज आहे, पण तो सर्व्हरमधून जाणाऱ्या प्रत्येक पत्त्याला लागतो. जुन्या काळात ‘@एक्झाम्पल डॉट कॉम’ अशी सरसकट ओळ घातलेली असेल तर राउटिंग ठरण्याआधीच पत्ता बदलून जातो.

लूप: चौकटी कंस आणि नॅट

‘मेल फॉर एक्झाम्पल डॉट कॉम लूप्स बॅक टू मायसेल्फ’ ही पोस्टफिक्सची ओळ म्हणजे: एमएक्स पाहिला, तो माझ्याकडेच बोट दाखवतो, पण माझ्या कुठल्याच यादीत हे डोमेन नाही. हा सर्व्हर शेवटचा मुक्काम असेल तर डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये किंवा व्हर्च्युअल यादीत घाला. तो नुसता गेटवे (मेल घेऊन पुढे देणारा) असेल तर ‘रिले_डोमेन्स’मध्ये घाला आणि ट्रान्सपोर्ट तक्त्यात (कोणाचा मेल कुठे पाठवायचा याची यादी) पुढच्या सर्व्हरची ओळ द्या. मायडेस्टिनेशनमध्ये घालून गेटवे ‘दुरुस्त’ केला की लूप थांबतो खरा, पण सगळे पत्ते ‘युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल’ म्हणून नाकारले जातात.

ट्रान्सपोर्ट तक्त्यात पुढच्या होस्टचं नाव चौकटी कंसात हवं: ‘एसएमटीपी:[मेल२.एक्झाम्पल.कॉम]:२५’. कंस म्हणजे ‘एमएक्स शोधू नकोस, याच मशीनकडे जा’. कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या नावाचाही एमएक्स शोधतो, आणि तिथे कंपनीचंच डोमेन दिलेलं असेल तर मेल फिरून गेटवेवरच येतो. ‘रिलेहोस्ट’लाही (बाहेर जाणारा मेल ज्याच्यामार्फत जातो तो सर्व्हर) हाच नियम. होस्टचं नाव ईटीसी फोल्डरमधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये टाकून काम भागेल असं समजू नका: ‘एसएमटीपी_होस्ट_लुकअप’ची मूळ किंमत ‘डीएनएस’ आहे, त्यामुळे ती फाइल वाचलीच जात नाही. तक्ता बदलल्यावर ‘पोस्टमॅप’ चालवायचं. मुख्य कॉन्फिगरेशन फाइल बदलल्यावर ‘पोस्टफिक्स रीलोड’.

सर्व्हर ऑफिसच्या नेटवर्क राउटरमागे, नॅटच्या (एका सार्वजनिक आयपीमागे आतली मशीन ठेवायची पद्धत) आत असेल तर आणखी एक खाच. एमएक्स सार्वजनिक आयपीकडे बोट दाखवतो, समजा २०३.०.११३.५, आणि मशीनला स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१० एवढाच माहीत असतो. त्यामुळे ‘हा एमएक्स म्हणजे मीच’ हे त्याला ओळखता येत नाही. दुय्यम एमएक्सवर याचा त्रास जास्त: मुख्य सर्व्हर बंद पडला की तो स्वतःलाच मेल पाठवू लागतो, आणि राउटरने आतून बाहेरच्या आयपीवर जाऊ दिलं नाही तर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसतं. ‘प्रॉक्सी_इंटरफेसेस’मध्ये सार्वजनिक आयपी लिहिला की पोस्टफिक्स स्वतःला ओळखतो आणि एमएक्सच्या यादीतून स्वतःची आणि त्याहून कमी पसंतीची नोंद वगळतो.

लूप किती फेऱ्यांनी तुटतो हे सर्व्हरवर अवलंबून: पोस्टफिक्समध्ये मूळ मर्यादा ५० ‘रिसीव्ह्ड’ हेडरची (प्रत्येक सर्व्हर मेलवर मारतो तो शिक्का), एक्झिममध्ये ३०. परत आलेल्या मेलचे हेडर खालून वर वाचा. जी दोन नावं आलटून पालटून येतात, त्या दोघांमध्ये भांडण आहे.

अर्धे मेलबॉक्स क्लाउडवर, अर्धे ऑफिसात

खर्च वाचवण्यासाठी वरिष्ठांची खाती गूगलवर आणि बाकी कर्मचाऱ्यांची ऑफिसमधल्या सर्व्हरवर, ही रचना अनेक कंपन्या आणि संस्थांमध्ये असते. चालते ती, पण एक गोष्ट आधी ठरवावी लागते: जो पत्ता कुठेच नाही त्याला ‘असा कोणी नाही’ हे अखेरचं उत्तर कोण देणार? दोन्ही बाजूंनी ‘माझ्याकडे नाही, पलीकडे बघ’ लावलं तर नाव लिहिण्यातली एक साधी चूक पुरते लूपला. रोजचे मेल नीट चालतात, म्हणून महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

एमएक्स गूगलकडे ठेवणार असाल तर शेवटचं ‘नाही’ ऑफिसच्या सर्व्हरला म्हणू द्या. गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या सेटिंगखाली ‘होस्ट्स’मध्ये ऑफिसचा सर्व्हर पोर्ट २५ सह नोंदवा. तिथला ‘परफॉर्म एमएक्स लुकअप ऑन होस्ट’ हा चौकोन रिकामा ठेवा, नाहीतर वरच्या चौकटी कंसाचीच गोष्ट पुन्हा. सर्व्हरवर स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र असेल तर ‘सीए साइन्ड सर्टिफिकेट’ची अट मेल अडवेल, त्यापेक्षा लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र बसवणं बरं. मग ‘डीफॉल्ट राउटिंग’मध्ये नियम करा आणि तो फक्त अनोळखी पत्त्यांना लागू ठेवा.

ऑफिसच्या बाजूला खरी अडचण येते. एक स्थानिक कर्मचारी गूगलवरच्या साहेबांना मेल पाठवतो, सर्व्हर म्हणतो डोमेन माझं, आणि साहेबांचा मेलबॉक्स सापडत नाही. यावर फॉलबॅक (न सापडलेला पत्ता सरसकट पलीकडे पाठवणं) लावू नका. गूगलवरच्या प्रत्येक पत्त्यासाठी व्हर्च्युअल अलायसची एकेक ओळ करा आणि त्याचं मुक्कामाचं डोमेन वेगळं ठेवा. गूगल यासाठी तुमच्या डोमेनपुढे ‘.टेस्ट-गूगल-ए.कॉम’ जोडून एक उपडोमेन देतं, मायक्रोसॉफ्टमध्ये हेच काम ‘मेल.ऑनमायक्रोसॉफ्ट.कॉम’ने संपणारं डोमेन करतं. नुसत्या ट्रान्सपोर्ट तक्त्यात पत्तेवार ओळी लिहूनही राउटिंग होतं, पण पत्ता कुठल्याच प्राप्तकर्त्यांच्या यादीत नसल्यामुळे मेल आत येतानाच ‘युजर अननोन’ म्हणून नाकारला जातो. अलायसने पत्ता वैधही ठरतो आणि वळतोही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हाच निर्णय ‘ॲक्सेप्टेड डोमेन्स’मध्ये असतो. ‘ऑथोरिटेटिव्ह’ म्हणजे अखेरचं उत्तर मायक्रोसॉफ्ट देणार, आणि ऑफिसातल्या लोकांची नोंद तिथे नसेल तर बाहेरून येणाऱ्याला ‘५५० ५.४.१ रेसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड’ मिळतं. ‘इंटर्नल रिले’ म्हणजे न सापडलेला पत्ता पुढे पाठवा. पण त्यासाठी ऑफिसच्या सर्व्हरकडे जाणारा आउटबाउंड कनेक्टर (बाहेर जाणाऱ्या मेलची वाट ठरवणारी सेटिंग) त्याच डोमेनसाठी हवाच. कनेक्टर नसला की मेल एमएक्सप्रमाणे जातो, एमएक्स मायक्रोसॉफ्टकडेच असतो, आणि ‘५५४ ५.४.१४ हॉप काउंट एक्सीडेड’ येतं. म्हणून आधी कनेक्टर, त्याची चाचणी, मगच इंटर्नल रिले.

गूगलमार्फत ऑफिसात येणारा बाहेरचा मेल गूगलच्या आयपीवरून येतो. तेव्हा ऑफिसच्या सर्व्हरवरची एसपीएफ तपासणी आणि ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी ‘थोड्या वेळाने या’ म्हणणं) या आयपींसाठी बंद करावी लागते, नाहीतर बँकांचे आणि सरकारी खात्यांचे मेल नेमके अडकतात, कारण त्यांचे एसपीएफ नियम कडक असतात.

आतला डीएनएस

ऑफिसात ॲक्टिव्ह डिरेक्टरी (खाती आणि मशीन सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) आहे आणि तिचं नाव बाहेरच्या डोमेनसारखंच ठेवलेलं आहे, तर आतल्या डीएनएसमध्ये एमएक्स बहुधा नसतो. मग नियमाप्रमाणे ए रेकॉर्ड वापरला जातो, आणि तिथे असतात डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे ती व्यवस्था चालवणाऱ्या सर्व्हरचे, आयपी. मेल डोमेन कंट्रोलरच्या पोर्ट २५ वर जाऊन ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ खातो. मेल सर्व्हरवरूनच ‘डिग’ या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने एमएक्स विचारा, तुमच्या लॅपटॉपवरून नव्हे, आणि आतल्या डीएनएसमध्ये बाहेरचाच एमएक्स नोंदवा. डेबियनवर पोस्टफिक्सचा काही भाग सीएच-रूटमध्ये, म्हणजे बाकी फाइल्सपासून तोडलेल्या फोल्डरमध्ये, चालतो आणि त्याच्याकडे ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ची (कोणत्या डीएनएसला विचारायचं ते सांगणारी फाइल) वेगळी प्रत असते. डीएनएस सर्व्हर बदलल्यावर पोस्टफिक्स रीस्टार्ट करा, नाहीतर ‘डिग’ बरोबर सांगतं आणि पोस्टफिक्स जुन्यालाच विचारत राहतो.

बदल करताना आणि केल्यावर

एमएक्स हलवण्याआधी टीटीएल (डीएनएसची नोंद इतर सर्व्हर किती वेळ जपून ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा आणि जुना टीटीएल जेवढा होता तेवढा वेळ जाऊ द्या. पोस्टफिक्सवर बदलापुरतं ‘सॉफ्ट_बाउन्स = येस’ ठेवा. याने कायमचे नकार तात्पुरते होतात, चुकीच्या सेटिंगमुळे मेल परत जाण्याऐवजी क्यूमध्ये (पाठवायच्या मेलची रांग) थांबतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. काम झाल्यावर ते काढायला विसरू नका, कारण पोस्टफिक्स मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस क्यू धरून ठेवतो आणि चुकीचा पत्ता लिहिणाऱ्याला तोवर काहीच कळत नाही.

ट्रान्सपोर्ट तक्ता दुरुस्त केल्यावर अडकलेल्या मेलसाठी ‘पोस्टक्यू -एफ’ पुरतं, कारण वाट प्रत्येक प्रयत्नाला नव्याने ठरते. अलायस मात्र मेल आत येतानाच लागलेला असतो. अलायस बदलला असेल तर ‘पोस्टसुपर -आर ऑल’ चालवून मेल पुन्हा क्यूत घालावे लागतात.

राहता राहिले आधीच गिळले गेलेले मेल. ते हरवलेले नसतात. जुन्या होस्टिंगवरचं वेबमेल उघडा, मुख्य खात्याचा मेलबॉक्सही बघा. सर्व्हर स्वतःचा असेल तर ‘व्हार/मेल’ आणि प्रत्येक युजरचं ‘मेलडिर’ तपासा. सापडलेले मेल ‘इमॅपसिंक’ या मेलबॉक्स हलवणाऱ्या प्रोग्रामने नव्या खात्यात हलवा, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि मूळ तारीख टिकते. फॉरवर्ड केलेत तर सगळ्या चौकश्या तुमच्याच नावाने आल्यासारख्या दिसतील आणि ‘रिप्लाय’ दाबणाऱ्याचं उत्तर ग्राहकाऐवजी तुम्हाला येईल.